पानावरचे हात

१९७४ साली न्यूयॉर्कमधून मुलांसाठी दोन पुस्तकं निघाली. एकाचं नाव ‘लिसा अँड हर साउंडलेस वर्ल्ड’. लेखिका एडना लेव्हिन मानसशास्त्रज्ञ होत्या, कर्णबधिर मुलांमध्ये त्यांनी अनेक वर्षं काम केलं होतं. आठ वर्षांच्या लिसाला ऐकू येत नाही. त्यामुळे तिचं काय काय अडतं, श्रवणयंत्र काय करतं, ओठ वाचायला आणि बोलायला तिला कसं शिकवतात, हे ऐकू येणाऱ्या मुलांना समजावून सांगायचं, असा त्या पुस्तकाचा बेत. दुसऱ्याचं नाव ‘हँडटॉक’. त्यात समजावणं जवळपास नाहीच. ए पासून झेडपर्यंत प्रत्येक अक्षराची बोटांनी करायची खूण, त्या अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दाची खूण, आणि रंगीत फोटोंत चेहऱ्याची नि हातांची अशी धमाल, की पुस्तक हातात पडलेल्या मुलाने थेट आरशासमोर जाऊन उभं राहावं.

पहिल्या पुस्तकातल्या मुलीविषयी वाईट वाटतं. दुसऱ्या पुस्तकातली माणसं मजेत आहेत, त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटतं. बधिरत्वावरची गेल्या पन्नास वर्षांतली इंग्रजी चित्रपुस्तकं चाळत गेलं तर ही दोन टोकं पुन्हा पुन्हा भेटतात. पुस्तक कोणाविषयी आहे हे मुखपृष्ठावरच कळतं. ते कोणासाठी आहे हे आतल्या पानांवरच्या हातांकडे बघून ओळखावं लागतं.

खरं तर चित्र आणि बधिर मुलाचं शिक्षण यांची गाठ फार आधी पडली होती. १६२० साली माद्रिदमध्ये हुआन पाब्लो बोनेत यांनी मुक्यांना बोलायला शिकवण्याच्या कलेवर पुस्तक छापलं. त्यात अक्षरांसाठी हाताचे आकार दाखवणारी कोरीव चित्रं आहेत: बाहीतून बाहेर आलेला एक हात, प्रत्येक बोट कुठे वाकलंय ते स्पष्ट. ही एका हाताची बाराखडी पुढे फ्रान्समार्गे अमेरिकेत गेली. ‘हँडटॉक’मधल्या फोटोंतली बोटं साडेतीनशे वर्षं आधीच्या त्या कोरीव हाताची वारस आहेत.

अमेरिकेतली गोष्ट १८१४ मध्ये हार्टफर्ड गावातल्या एका अंगणात सुरू होते. डॉक्टर मेसन कॉग्सवेल यांची मुलगी अॅलिस तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तापात लहानपणीच तिचे कान गेले होते. शेजारचा तरुण थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट याने आपली टोपी तिच्यापुढे ठेवली आणि जमिनीवर ‘हॅट’ ही अक्षरं लिहिली, असं सांगतात. त्याच मुलीपायी गॅलॉडेट पुढल्या वर्षी युरोपला गेला, पॅरिसच्या बधिर शाळेतला लॉरां क्लेर हा स्वतः बधिर असलेला शिक्षक त्याच्याबरोबर अमेरिकेला यायला तयार झाला, आणि १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डमध्ये शाळा उघडली. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. १८३० साली शाळेचं प्रमुखपद सोडताना गॅलॉडेटने मुलांसाठी ‘द चाइल्ड्स पिक्चर डिफायनिंग अँड रीडिंग बुक’ नावाचं सचित्र वाचनपुस्तक काढलं. आधी चित्र, मग त्यातल्या वस्तूंची नावं, मग साध्या वाक्यांत वर्णन. बधिर मुलांना शिकवताना हाताशी आलेली ही रीत त्याने सगळ्याच मुलांसाठी खुली केली. म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या अगदी सुरुवातीच्या चित्रमय वाचनपुस्तकांपैकी एक बधिर मुलांच्या वर्गात घडलं होतं. हे लक्षात ठेवलं, की पुढची शंभर-सव्वाशे वर्षं जास्तच खटकतात.

कारण त्या काळातल्या गोष्टींमध्ये बधिर मूल आलं ते दया गोळा करायला. १८३०च्या दशकात इंग्लंडमध्ये शार्लट एलिझाबेथ या लेखिकेचं ‘द हॅपी म्यूट’ निघालं. त्यात एक गरीब आयरिश मुका मुलगा देवाधर्माची शिकवण घेतो आणि तरुणपणीच पुण्यवान मरण मरतो. डिकन्सने १८६५च्या नाताळात ‘डॉक्टर मॅरिगोल्ड’ लिहिली. फेरीवाल्याने पोरकी मूकबधिर मुलगी आपली म्हणून वाढवली, दोघांनी मिळून स्वतःच्या खुणा शोधल्या, अशी ती माया लावणारी कथा. पण डोळ्यांत पाणी आणणारा शेवटचा क्षण कोणता? त्या मुलीची छोटी लेक आजोबांशी बोलते, म्हणजे तिला ऐकू येतं, हा. सुखान्त म्हणजे कान परत मिळणं, हे गृहीतच धरलेलं.

आपल्याकडे एकनाथांच्या भारुडांतही बहिरा येतो, मुका येतो. हरिकीर्तन न ऐकणारा तो बहिरा, असा त्याचा रोख. भारूड आजही रंगतं, समोरचा श्रोता हसता हसता अंतर्मुख होतो. ज्याला खरोखर ऐकू येत नाही असा माणूस मात्र त्या रूपकात कुठे नसतो. त्याचं बहिरेपण दुसऱ्यांच्या उपदेशासाठी उसनं घेतलेलं असतं. जगभरच्या गोष्टींत हे होत आलं आहे.

१८८० साली मिलानमध्ये बधिर मुलांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. खुणांपेक्षा तोंडी बोलणं श्रेष्ठ, तेव्हा शाळांमध्ये तोंडीच शिकवावं, असा ठराव तिथे मोठ्या बहुमताने झाला. दीडशेहून जास्त प्रतिनिधींमध्ये बधिर असा एकच होता, जेम्स डेनिसन. यानंतर युरोप-अमेरिकेतल्या शाळांतून खुणा हद्दपार होत गेल्या. बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, कारण ओठांनी बोलायला शिकवणं त्यांना कसं जमणार? वर्गात हात हलवणाऱ्या मुलांच्या हातांवर पट्ट्या बसल्या, कित्येकांना हात मांडीखाली दाबून बसवलं गेलं. भारतातली पहिली मूकबधिर शाळा याच दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने निघाली, आणि तीही बोलायला शिकवण्याच्याच पद्धतीची. वर्गात बंदी असलेली भाषा वसतिगृहात, मैदानावर, रात्री दिव्याखाली चालू राहिली. मुलांच्या पुस्तकात ती कोण छापणार होतं? मिलानच्या ठरावांबद्दल या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकुव्हरला. मध्ये एकशे तीस वर्षं गेली.

चक्र फिरलं ते १९६० पासून. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी त्या वर्षी एक पुस्तिका काढून दाखवून दिलं, की अमेरिकन साइन लँग्वेज म्हणजे इंग्रजीची मोडकी नक्कल नव्हे, तिला स्वतःची रचना आहे. त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी त्यांची टर उडवली. १९६७ मध्ये नॅशनल थिएटर ऑफ द डेफ ही नाटक कंपनी सुरू झाली आणि खुणांची भाषा रंगमंचावर लोकांनी तिकीट काढून पाहिली. मधल्या काळात, १९६४-६५ मध्ये, अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली होती. गरोदर बायकांना तो आजार झाला आणि हजारो बाळं बधिर जन्मली. १९७५ साली ही मुलं दहा वर्षांची होती, आणि त्याच साली अमेरिकेने अपंग मुलांना सार्वजनिक शाळेत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा केला. कालपर्यंत वेगळ्या शाळेत असलेलं मूल आता शेजारच्या बाकावर येणार होतं. शिक्षकांना, आईबापांना, वर्गातल्या इतर मुलांना काहीतरी वाचायला द्यायला हवं होतं.

सत्तरच्या दशकात अशा पुस्तकांची रीघ लागली ती यामुळे. ‘अ बटन इन हर इअर’ १९७६चं. त्यातल्या अँजेलाला नीट ऐकू येत नाही, कुणाचं काहीतरी भलतंच ऐकून ती गोंधळते, मग डॉक्टर, तपासणी आणि श्रवणयंत्र. शेवटी वर्गापुढे उभी राहून ती आपलं जादूचं बटण दाखवते. पुस्तक प्रेमाने लिहिलेलं आहे, त्यातली माहितीही उपयोगाची आहे. पण आजार, यंत्र, सुटका हा या काळातल्या पुष्कळ पुस्तकांचा साचाच होऊन बसला. जे मूल यंत्र लावूनही फारसं ऐकू शकत नाही, त्याला या साच्यात जागा नव्हती.

या गर्दीत एक पुस्तक मात्र वेगळं उठून दिसतं. जीन व्हाइटहाउस पीटरसन यांचं ‘आय हॅव अ सिस्टर, माय सिस्टर इज डेफ’, १९७७चं. चित्रं डेबोरा रे यांची, कोळशाने काढल्यासारखी मऊ, करडी, रंग नाहीतच. लेखिकेची स्वतःची बहीण बधिर होती. सलग अशी गोष्ट यात नाही. मोठी बहीण धाकटीबद्दल एकेक आठवण सांगत जाते, बस्स. धाकटी पियानो वाजवते, तिला सूर ऐकू येत नाहीत पण लाकडातून येणारी घरघर आवडते. दोघी गवतात दबा धरून खेळतात तेव्हा मोठी आवाजाकडे कान लावते आणि धाकटी गवतातली हालचाल टिपते. रात्री ढग गडगडतात, वारा खिडक्या आपटतो; मोठी घाबरून जागी, धाकटी गाढ झोपलेली. एकदा मोठीने काळा चष्मा लावलेला असतो तर धाकटी तो काढायला लावते, कारण डोळे दिसले नाहीत तर बोलणं कळणार कसं? मैत्रिणी विचारतात, बहिरं असलं की दुखतं का? त्यावर मोठीचं उत्तर साधारण असं, की कान दुखत नाहीत, पण कोणी समजून घेतलं नाही तर मन दुखतं. हे उत्तर आजच्या वाचकाला जरा गोड वाटेल. गवताचं पान मात्र अजोड आहे. दोघींपैकी कोणाला काही कमी आहे हे त्या पानावर सांगताच येत नाही; दोघींनी शिकार वाटून घेतली आहे.

तरीही सांगणारी मोठी आहे, धाकटी नाही, ही या पुस्तकाची मर्यादा. ती तेवढ्या एका पुस्तकाची नव्हती. डेबी गोलोस आणि अॅनी मोझेस या संशोधिकांनी २०११ साली बधिर पात्रं असलेल्या वीस चित्रपुस्तकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक पुस्तकं बधिरत्वाकडे दुरुस्त करायचा दोष म्हणून पाहत होती; बधिर माणसांचा समाज असतो, त्यांची भाषा असते, त्यांचे विनोद नि रिवाज असतात, हे फार थोड्या पुस्तकांत दिसलं. ‘लिसा’ला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती.

‘हँडटॉक’ इतकं आधी, इतकं वेगळं कसं निघालं? ते कोणी केलं हे पाहिलं की उलगडा होतो. रेमी चार्लिप नर्तक होता, मर्स कनिंगहॅमच्या नृत्यसंघात नाचलेला, शिवाय मुलांच्या पुस्तकांचा नावाजलेला लेखक आणि चित्रकार. मेरी बेथ मिलर ही स्वतः बधिर असलेली अभिनेत्री, नॅशनल थिएटर ऑफ द डेफमधली. जॉर्ज अँकोना छायाचित्रकार. एक नाचणारा, एक खुणांनी बोलणारी आणि एक डोळा लावून बसणारा, अशा तिघांनी मिळून पुस्तक केलं तेव्हा हातांची भाषा आपोआप मध्यभागी आली. बधिर माणूस इथे पुस्तकाचा विषय नव्हता, पुस्तकाचा कर्ता होता. याच चमूने १९८७ मध्ये ‘हँडटॉक बर्थडे’ काढलं, त्यात मेरी बेथच्या वाढदिवसाची अख्खी गोष्ट खुणांनी सांगितली आहे.

खुणांची भाषा पानावर आणणं किती अवघड आहे ते चित्रकारालाच ठाऊक. एका खुणेत पंजाचा आकार असतो, तो कपाळापाशी की छातीपाशी ही जागा असते, हात कुठून कुठे गेला ही चाल असते, आणि या सगळ्याबरोबर भुवया, गाल, ओठ यांनी केलेला चेहरा असतो. भुवया उंचावल्या तर विधानाचा प्रश्न होतो. चालीत जरासा फरक पडला तर अर्थ बदलतो. चित्र मात्र जागच्या जागी थांबलेलं. बाण काढावे तर पान नकाशासारखं दिसू लागतं, न काढावे तर हात नुसता वर केलेला दिसतो. ज्या चित्रकारांना हे अवघड वाटलं नाही त्यांच्या पुस्तकांत खुणा चुकीच्या तरी आल्या, नाहीतर बोटांची बाराखडी शेवटच्या पानावर ढकलली गेली, अक्षरओळखीच्या तक्त्यासारखी.

आयझॅक मिलमन यांनी १९९८ मध्ये ‘मोझेस गोज टू अ कॉन्सर्ट’ काढलं आणि या अडचणीवर नेमकी वाट शोधली. मिलमन स्वतः ऐकू येणारे. १९३३ साली पॅरिसमध्ये जन्मलेले ज्यू, आईवडील आउशवित्झमध्ये गमावलेले, युद्धात लपूनछपून वाचलेले आणि पुढे अमेरिकेत चित्रकार झालेले. त्यांचा मोझेस पहिल्याच पानावर नवा ड्रम वाजवतो आहे. आवाज त्याला ऐकू येत नाही, पण हातांना थरथर जाणवते, आणि पायांनाही जाणवावी म्हणून त्याने बूट काढून ठेवलेत. मग शिक्षक मिस्टर सॅम्युएल्स वर्गाला वाद्यवृंद ऐकायला नेतात. ऐकायला? तिथे प्रत्येकाला एक फुगा मिळतो. मांडीवर धरलेल्या फुग्यात सुरांची कंपनं उतरतात. रंगमंचावर तालवाद्य वाजवणारी बाई बुटांशिवाय, नुसत्या मोज्यांवर येते, कारण तीही बधिर आहे आणि पायांनी ताल घेते. कार्यक्रम संपल्यावर ती मुलांना आपली वाद्यं वाजवू देते, तो पानभर गोंधळ बघण्यासारखा आहे.

मोठ्या चित्रात हे सगळं चालू असताना पानाच्या कडेला छोट्या चौकटींत मोझेस पुन्हा उभा आहे, आणि तेच वाक्य खुणांनी सांगतो आहे. एकेका खुणेला एकेक चौकट, हात कसा फिरला ते बाणांनी दाखवलेलं, चेहरा प्रत्येक वेळी निराळा. खाली इंग्रजी शब्द आहेत ते खुणांच्या क्रमाने, इंग्रजीच्या क्रमाने नव्हेत. म्हणजे दोन भाषा एकाच पानावर, आपापल्या व्याकरणासह. ऐकू येणारं मूल वरचं चित्र वाचतं, मग खालच्या चौकटींकडे वळून हात हलवू लागतं. बधिर मुलाला आपली भाषा छापलेली दिसते. या मालिकेत मोझेस पुढे शाळेत गेला, सर्कशीला गेला, नाटकालाही गेला. त्याला बरं करायला कोणी निघालं नाही.

त्याच दशकातलं ‘डॅड अँड मी इन द मॉर्निंग’ (१९९४) आणखी साधं. पहाटे अलार्मचा दिवा लुकलुकतो, जेकब उठतो, कानात यंत्र घालतो, बाबांना उठवतो आणि दोघे समुद्रावर सूर्योदय बघायला जातात. कधी खुणांनी, कधी ओठ वाचून, कधी नुसता हात दाबून ते बोलतात. बस, एवढंच. पॅट्रिशिया लेकिन यांनी लिहिलेल्या या पुस्तकात बधिरत्व अलार्मच्या दिव्याएवढंच आहे. ते घरातल्या सामानात मिसळून गेलं आहे, आणि रॉबर्ट स्टील यांच्या जलरंगांतली पहाट खऱ्या अर्थाने पुस्तकाचा विषय आहे.

मायरन उलबर्ग यांच्या पुस्तकांना वेगळं वजन आहे, कारण ते बधिर आईवडिलांच्या पोटी जन्मलेले, ऐकू येणारे लेखक. त्यांचे वडील न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’च्या छापखान्यात होते. अमेरिकेतल्या छपाईच्या धंद्यात बधिर माणसं पूर्वीपासून पुष्कळ. मूकबधिर शाळांमध्ये खिळे जुळवायला शिकवत, अनेक शाळा आपलं छोटं वर्तमानपत्र काढत, आणि मोठ्या छापखान्यातल्या यंत्रांच्या धडधडाटाचा या कामगारांना त्रास नव्हता. ‘द प्रिंटर’ (२००३) या चित्रपुस्तकात हाच धडधडाट गोष्टीची कळ आहे. छापखान्यात आग लागते. ओरडून सांगायची सोय नाही, यंत्रांपुढे कोणाचाच आवाज पोचत नाही. बधिर बाप लांबच्या बधिर सोबत्यांना हातांनी इशारा देतो आणि सगळे बाहेर पडतात, एरवी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहणारेसुद्धा. हेन्री सोरेनसेन यांच्या चित्रांत यंत्रं प्रचंड आहेत आणि माणसं लहान. त्या लहान माणसांच्या हातांकडे नजर आपोआप जाते.

दोन वर्षांनी आलेलं ‘डॅड, जॅकी अँड मी’ आणखी धीट. १९४७ साल, ब्रुकलिनचं बेसबॉल मैदान, जॅकी रॉबिन्सन हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संघात उतरलेला. लोक त्याला शिव्या घालताहेत. बधिर बाप मुलाबरोबर सामना बघायला येतो आणि इतरांबरोबर जॅकीचं नाव घेऊन ओरडतो. त्याच्या तोंडून येतं ते ‘आ-घी, आ-घी’. आजूबाजूचे वळून बघतात, मुलगा बुटांकडे बघतो. बधिर माणसाचा आवाज पुस्तकात जसाच्या तसा छापायचं धाडस याआधी फार थोड्यांनी केलं असेल. उलबर्ग यांनी तो सुधारून घेतला नाही आणि मुलाची लाजही लपवली नाही. हळूहळू मुलाला दिसू लागतं, की मैदानावर एकटा उभा असलेला जॅकी आणि प्रेक्षकांत एकटा पडलेला आपला बाप यांच्यात काहीतरी सारखं आहे. २००६ साली या पुस्तकाला श्नायडर फॅमिली बुक अवॉर्ड मिळालं. अपंगत्वाचा अनुभव मांडणाऱ्या मुलांच्या पुस्तकांसाठीचं हे पारितोषिक कॅथरीन श्नायडर या दृष्टिहीन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुरू केलेलं.

मग २०१४ मध्ये ‘एल डेफो’ आलं, आणि बधिर मुलाने स्वतःची गोष्ट स्वतःच काढायची हा पायंडा एकदम लोकप्रिय झाला. सीसी बेल यांना चार वर्षांच्या असताना मेंदुज्वर झाला आणि ऐकू येईनासं झालं. शाळेत छातीवर बांधायचं फोनिक इअर नावाचं भलंमोठं यंत्र, शिक्षिकेच्या गळ्यात त्याचा माइक. शिक्षिका माइक काढायला विसरली की ती शिक्षक-खोलीत काय बोलते, स्वच्छतागृहात काय करते, सगळं सीसीला ऐकू यायचं. त्यातून तिने मनातल्या मनात एक महानायिका घडवली, तीच एल डेफो. पुस्तक चित्रकथेच्या रूपात आहे, जाडजूड, आणि सगळी पात्रं ससे आहेत: लांबलचक कानांचे ससे, ज्यांतल्या एकीचेच कान कामाचे नाहीत.

चित्रकथेत बोलणं फुग्यात लिहितात, आणि बेल यांनी सगळा खेळ त्या फुग्यातच मांडला. दुखण्यातून उठलेल्या सीसीभोवती लोक बोलताहेत आणि फुगे रिकामे आहेत. यंत्राची बॅटरी उतरत चालली की अक्षरं फिकट होत होत दिसेनाशी होतात. ओठ नीट दिसले नाहीत तर फुग्यात निरर्थक अक्षरांचा काला. ऐकू येणाऱ्या वाचकाला बधिरत्व समजावून सांगायची गरजच उरत नाही. काही पानं तो स्वतः ते वाचतो, म्हणजे वाचू शकत नाही. या पुस्तकाला बालसाहित्यासाठीचा २०१५चा न्यूबेरी ऑनर मिळाला. त्यातली सीसी खुणांच्या वर्गाला जायला नाराज आहे, हेही बेल यांनी खरंखरं लिहिलं, आणि बधिर असण्याच्या तऱ्हा अनेक असतात, आपली त्यांतली एक, असं शेवटी स्पष्ट केलं.

रेमंड अँट्रोबस लंडनमध्ये वाढलेला कवी. तो सहा वर्षांचा होईपर्यंत त्याला कमी ऐकू येतं हे कोणाच्या लक्षात आलं नाही, शिक्षकांना तो अभ्यासात मागे वाटे. मोठेपणी त्याने टेड ह्यूजची बधिर शाळेवरची कविता, जिच्यात मुलांची तुलना लहान प्राण्यांशी केली आहे, काळ्या पट्ट्यांनी ओळन् ओळ खोडून आपल्या ‘द पर्सिव्हिअरन्स’ या संग्रहात छापली. त्या संग्रहाला पुढे टेड ह्यूज यांच्याच नावाचं पारितोषिक मिळालं. २०२० मध्ये त्याने मुलांसाठी ‘कॅन बेअर्स स्की?’ लिहिलं. छोट्या अस्वलाला बाबा, शिक्षक, सगळे एकच विचारतात, ‘कॅन यू हिअर मी?’ त्याला ते ऐकू येतं ‘कॅन बेअर्स स्की?’ अस्वलं बर्फावर घसरू शकतात का, हे सगळे मला का विचारताहेत, या कोड्यात ते पिल्लू दिवस काढतं. वर्ग हसतो तेव्हा का हसला हे त्याला कळत नाही. कानात यंत्र बसल्यावर गोष्ट संपत नाही. उलट सगळं कर्कश वाटू लागतं, यंत्राने थकवा येतो, आणि हा थकवा आधीच्या पुस्तकांत फारसा कोणी दाखवला नव्हता. चित्रकार पॉली डनबार यांनाही कमी ऐकू येतं. मोठ्या माणसांची तोंडं कुठे दिसतात, कुठे आड होतात, हे त्यांच्या चित्रांत पाहावं.

मे २०२२च्या पहिल्या दिवशी बीबीसीच्या सीबीबीज वाहिनीवर झोपण्यापूर्वीच्या गोष्टीत हेच पुस्तक आलं. रोझ एलिंग-एलिस या बधिर अभिनेत्रीने ते ब्रिटिश साइन लँग्वेजमध्ये सांगितलं. त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, ब्रिटनमध्ये त्या भाषेला मान्यता देणारा कायदा झाला होता.

बधिर आईबाप मुलाला पुस्तक कसं वाचून दाखवतात, ही निराळीच कला आहे. ऐकू येणारी आई मुलाला मांडीवर घेते, मूल चित्र बघतं आणि कानाने ऐकतं. बधिर मुलाला एकाच वेळी चित्रही बघायचं आणि हातही बघायचे. अमेरिकेत डेव्हिड श्लेपर यांनी १९९०च्या दशकात बधिर माणसांचं हे वाचन बारकाईने पाहून त्याची तत्त्वं मांडली, आणि ती ऐकू येणाऱ्या पालकांना शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. पुस्तक उभं टेकवून ठेवायचं म्हणजे हात मोकळे राहतात. मूल चित्र बघत असेल तोवर थांबायचं, त्याने मान वर केली की खूण करायची. कधी खूण हवेत न करता थेट पानावर, चित्राच्या अंगावर करायची. तीच गोष्ट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सांगताना तपशील वाढवत न्यायचे.

भारतात खुणांच्या भाषेचं राष्ट्रीय संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ साली स्थापन झालं. २०१८ मध्ये त्याचा सुमारे तीन हजार शब्दांचा कोश आला, तो २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला. २०२० मध्ये एनसीईआरटीबरोबर करार होऊन पाठ्यपुस्तकं भारतीय खुणांच्या भाषेत आणायचं काम सुरू झालं. ती भाषा अमेरिकेतल्या भाषेपेक्षा वेगळी आहे, आणि इंग्रजी अक्षरं ती एका हाताने नाही तर दोन हातांनी दाखवते. त्यामुळे मोझेसच्या चौकटी किंवा ‘हँडटॉक’ची बाराखडी पुण्या-सोलापूरच्या बधिर मुलापुढे ठेवून भागणार नाही. मराठीत असं पुस्तक करायला घेणाऱ्या चित्रकाराला बाण, भुवया आणि दोन्ही पंजे नव्याने काढावे लागतील, आणि ते बरोबर आले की नाहीत हे तपासायला पहिल्या दिवसापासून बधिर माणूस शेजारी बसवावा लागेल, जशी चार्लिप आणि अँकोना यांच्याबरोबर मेरी बेथ मिलर होती.